सूत्रं तोंडपाठ, तरी महत्त्वमापन अडतं कुठे?

नमस्कार ताई. तुम्ही लिहिलंय की मुलगी दहावीत आहे, राज्य मंडळ, मराठी माध्यम. महत्त्वमापनाची, म्हणजे घनफळ-पृष्ठफळाच्या धड्याची, सगळी सूत्रं ती झोपेतून उठवून विचारली तरी सांगते, पण शाब्दिक उदाहरण समोर आलं की भलतंच सूत्र लावून मोकळी होते. सूत्रं पक्की करायची काही युक्ती आहे का, शंकूच्या घनफळात तो एक तृतीयांश येतो कुठून (तिनं विचारलं आणि तुम्हाला सांगता आलं नाही), आणि बाजारात मिळणारा प्लॅस्टिकच्या घनाकृतींचा संच घ्यावा का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा तुम्हाला रुचणार नाही. जिला सूत्रं पाठच आहेत, तिला पाठांतराची आणखी एक युक्ती देऊन काय होणार? बरीच वर्षं आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवतोय. या धड्यात गुण घालवणाऱ्यांमध्ये सूत्र न आठवल्यामुळे घालवणारी मुलं थोडीच असतात. बाकीच्यांचं असं होतं की उदाहरणात ‘शंकू’ हा शब्द वाचला की डोक्यात शंकूच्या नावावर जमा असलेली तीन सूत्रं येतात आणि त्यातलं जे आधी हाताला लागेल ते उचललं जातं. वस्तू डोळ्यासमोर आलेलीच नसते. तुमच्या मुलीचं नेमकं हेच होत असावं.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. परीक्षा पंधरा-वीस दिवसांवर आली असेल तर माझं बाकीचं उत्तर बाजूला ठेवा. जुन्या प्रश्नपत्रिका काढा, प्रत्येक उदाहरणाची आधी आकृती काढायला लावा आणि सोडवून घ्या, एवढं पुरे. दोन-तीन महिने हातात असतील तर मात्र खालची वाट धरा. दुसरं, मंडळाचा फरक. शंकुछेद, म्हणजे बादलीचा आकार, राज्य मंडळाच्या २०१८च्या दहावीच्या पुस्तकात आहे. सीबीएसईच्या दहावीतून तो अलीकडे वगळला आहे. तेव्हा नात्यातल्या कुणा सीबीएसईच्या मुलाच्या वह्या आणून अभ्यास करू नका. तिसरं, पायथागोरस कच्चा असेल तर आधी तो. त्याच्याशिवाय तिरकस उंची (शंकूच्या टोकापासून तळाच्या कडेपर्यंतची लांबी) सापडत नाही आणि मग मुलं म्हणतात, ‘महत्त्वमापन अवघड आहे.’

माझ्या वर्गात मी घनाकृतीकडे तीन नजरांनी बघायला लावतो. आडवी कापून बघा, उभी कापून बघा, आणि साल काढून पसरून बघा. आडव्या कापातून घनफळ मिळतं, उभ्या कापातून लांब्या मिळतात, पसरलेल्या सालीतून पृष्ठफळ मिळतं. उदाहरण वाचल्यावर पहिला प्रश्न ‘सूत्र कोणतं’ हा नाही, ‘यातलं काय करून बघायचं’ हा.

आडव्या कापापासून सुरू करू, कारण खरी मजा तिथेच आहे.

इष्टिकाचिती (विटेचा आकार), घन, वृत्तचिती (गोल डब्याचा आकार), त्रिकोणी चिती ही नावं वेगळी असली तरी तळाला समांतर कुठेही कापा, छेद तोच. तळाजवळ कापा नाहीतर माथ्याजवळ, तोच आयत, तेच वर्तुळ, तोच त्रिकोण. म्हणून घनफळ म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ गुणिले उंची, बस. चार सूत्रांच्या जागी एक सूत्र झालं. पोकळ लोखंडी नळीचं उदाहरण आलं की मुलं गांगरतात, पण तिचा छेद काढायला सांगा: एक कडं दिसतं. मोठ्या वर्तुळातून लहान वर्तुळ वजा, गुणिले नळीची लांबी. नळीचं वेगळं सूत्र पाठ करायची गरजच उरत नाही.

वाहत्या पाण्याची उदाहरणंही याच घरातली. नळीच्या आतली त्रिज्या ७ सेमी, तर छेद १५४ चौसेमी. पाणी सेकंदाला १०० सेमी पुढे सरकत असेल तर दर सेकंदाला १०० सेमी लांबीची पाण्याची वृत्तचिती बाहेर पडते: १५,४०० घसेमी, म्हणजे १५.४ लिटर. पावसाळ्यात बातम्यांमध्ये धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात तो हाच हिशेब, फक्त घनफुटांत. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. आणि टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. धरणातून १०,००० क्युसेकनं पाणी सोडलं तर एक टीएमसी जायला किती वेळ लागेल, हे मुलीला काढायला सांगा. एक लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ पावणेअठ्ठावीस तास येतात. असं एखादं उदाहरण सोडवलं की घनफळ हा शब्द नुसता पुस्तकात राहत नाही.

आता तुमच्या मुलीचा प्रश्न. शंकू वर निमुळता होत जातो, छेद लहान होत जातो. मग घनफळ तळ गुणिले उंचीपेक्षा कमी येणार हे उघड आहे. पण किती कमी? बहुतेक मुलं पटकन ‘अर्धं’ म्हणतात. त्रिकोण आयताच्या अर्धा असतो ना, मग शंकूही वृत्तचितीच्या अर्धा. यात लाजण्यासारखं काही नाही. आर्यभटाच्या ‘आर्यभटीय’ ग्रंथातल्या सूचीच्या, म्हणजे पिरॅमिडसारख्या टोकदार आकृतीच्या, घनफळाच्या नियमाचा रूढ अर्थ लावला तर तिथेही अर्धंच येतं. ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८मध्ये मात्र एक तृतीयांश दिलं. अर्धं का चुकतं ते छेदात दिसतं. त्रिकोणात निम्म्या उंचीवरची रुंदी निम्मी होते. शंकूत निम्म्या उंचीवर त्रिज्या निम्मी, पण वर्तुळाचं क्षेत्रफळ पाव होतं. शंकू त्रिकोणापेक्षा खूप लवकर बारीक होतो.

पुस्तकात शंकू पाण्यानं तीनदा भरून वृत्तचितीत ओतायची कृती असते. ती जरूर करा, पण तिनं ‘किती’ कळतं, ‘का’ कळत नाही. ‘का’साठी एक घन घ्या. त्याचा एक कोपरा पकडा. घनाला सहा पृष्ठं, त्यातली तीन या कोपऱ्याला टेकलेली आणि तीन न टेकलेली. न टेकलेल्या प्रत्येक चौरसाच्या चारही कोपऱ्यांपासून आपल्या कोपऱ्यापर्यंत रेषा ओढल्या की चौरस तळाची एक तिरकी सूची तयार होते. अशा तीन सूची होतात, तिन्ही अगदी एकसारख्या, आणि तिन्ही मिळून अख्खा घन. म्हणजे प्रत्येकीचं घनफळ घनाच्या एक तृतीयांश. जाड कागदाच्या तीन सूची करून त्या घनाच्या आकारात जुळवायला तासभर लागतो, पण ज्या मुलानं त्या हातानं जुळवल्या तो एक तृतीयांश विसरलेला मी पाहिला नाही.

तुम्ही म्हणाल, ही तिरकी सूची झाली, शंकू कुठे झाला? इथे वह्यांचा गठ्ठा घ्या. सरळ ठेवलेला गठ्ठा एका बाजूला कलता सरकवला तर आकार बदलतो, पण वह्या त्याच, म्हणून घनफळ तेच. इटलीतल्या बोलोन्याच्या कावालिएरीनं १६३५मध्ये हेच नियम म्हणून मांडलं: दोन घनाकृतींची उंची सारखी असेल आणि प्रत्येक पातळीवर त्यांच्या आडव्या छेदांचं क्षेत्रफळ सारखं असेल, तर घनफळ सारखंच. छेदाचा आकार वेगळा असला तरी चालतो, क्षेत्रफळ जुळलं पाहिजे. आता सूचीच्या तळाइतक्याच क्षेत्रफळाचा गोल तळ असलेला, तेवढ्याच उंचीचा शंकू शेजारी ठेवा. निम्म्या उंचीवर दोघांचे छेद पाव, टोकापासून एक तृतीयांश अंतरावर दोघांचे छेद एक नवमांश. सगळीकडे जोडी जमते, म्हणून घनफळही सारखं. उंची घनाइतकी नसेल तर? घन उभा ताणला असं समजा. प्रत्येक थर सारख्याच प्रमाणात जाड होतो, एक तृतीयांश तसाच राहतो.

हे समजलं की गोल फुकटात मिळतो. अर्धगोल सपाट बाजू खाली करून ठेवा. शेजारी तेवढ्याच त्रिज्येची आणि त्रिज्येइतक्याच उंचीची वृत्तचिती ठेवा आणि तिच्यातून टोक खाली असलेला शंकू कोरून काढा. त्रिज्या ५ सेमी घेऊ. ३ सेमी उंचीवर कापलं तर अर्धगोलाच्या छेदाची त्रिज्या पायथागोरसनं ४ येते, क्षेत्रफळ १६ पाय (π). शेजारच्या कोरलेल्या वृत्तचितीत कडं दिसतं: बाहेर २५ पाय, आतलं शंकूचं भोक ९ पाय, उरलं १६ पाय. ४ सेमीवर कापा, दोन्हीकडे ९ पाय. म्हणजे अर्धगोल बरोबर वृत्तचिती वजा शंकू, म्हणजे वृत्तचितीचे दोन तृतीयांश. दोन अर्धगोल एकत्र केले की गोलाचं सूत्र हातात. गोल त्याच्याभोवती घट्ट बसणाऱ्या वृत्तचितीच्या दोन तृतीयांश असतो, हा शोध आर्किमिडीजला इतका आवडला होता की त्याच्या थडग्यावर गोल आणि वृत्तचिती कोरली होती, पुढे इ.स.पू. ७५मध्ये रोमन वक्ता सिसेरोनं सिसिलीतल्या सिराक्यूजजवळ झुडपात हरवलेलं ते थडगं याच खुणेवरून ओळखलं.

इथे थोडं थांबून बघा: चितीला छेद गुणिले उंची, टोकाला निमुळत्या होणाऱ्याला त्याचा एक तृतीयांश, आणि गोल या दोघांच्या वजाबाकीतून. घनफळाचा सगळा धडा एवढाच आहे, फक्त बादली राहिली.

बादलीवर मी जरा जास्त वेळ घालवतो, कारण शंकुछेदाचं सूत्र मुलांना सगळ्यात कृत्रिम वाटतं. दोन्ही त्रिज्यांचे वर्ग आणि वर त्यांचा गुणाकार, हे काय प्रकरण आहे? एक बादली घेऊ: वरची त्रिज्या १४ सेमी, तळाची ७ सेमी, उंची ३० सेमी. सूत्र बाजूला ठेवून मुलांना अंदाज करायला सांगितलं की वर्गात दोन गट पडतात. एक गट त्रिज्यांची सरासरी घेतो: १०.५ सेमी त्रिज्येची वृत्तचिती, छेद ३४६.५ चौसेमी, घनफळ १०,३९५ घसेमी. दुसरा गट क्षेत्रफळांची सरासरी घेतो: तोंड ६१६, तळ १५४, सरासरी ३८५, घनफळ ११,५५० घसेमी. खरं उत्तर १०,७८० आहे. म्हणजे पहिला गट ३८५नं कमी पडला आणि दुसरा ७७०नं पुढे गेला. दुसऱ्याची चूक बरोबर दुप्पट. हा योगायोग नाही, कुठल्याही शंकुछेदात असंच होतं. म्हणून मधल्या छेदाला दोन वाटे आणि टोकांच्या सरासरीला एक वाटा दिला की चुका एकमेकींना खाऊन टाकतात: १०,३९५ची दुप्पट अधिक ११,५५०, भागिले तीन, बरोबर १०,७८०. मोकळं करून लिहिलं तर वरचा छेद, तळाचा छेद आणि मधल्या छेदाची चौपट यांची बेरीज भागिले सहा. ती झाली सरासरी छेद, गुणिले उंची.

आणि हे नवीन नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) खातव्यवहारात, म्हणजे खड्डे-तलावांच्या मोजमापात, हाच नियम आहे. तोंडाचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ आणि दोन्हींच्या बाजूंची बेरीज करून येणाऱ्या आकाराचं क्षेत्रफळ, या तिन्हींना एकत्र करून सहानं भागा आणि खोलीनं गुणा. बाजूंची बेरीज म्हणजे मधल्या छेदाच्या बाजूंची दुप्पट, म्हणून ते तिसरं क्षेत्रफळ म्हणजेच मधल्या छेदाची चौपट. त्यांचं उदाहरण असं: वापीचं, म्हणजे विहिरीचं, तोंड १२ हात लांब, १० हात रुंद, तळाशी दोन्ही निम्मे, खोली ७ हात. तोंड १२०, तळ ३०, बाजूंच्या बेरजांचा आयत १८ गुणिले १५ म्हणजे २७०. एकूण ४२०, सहानं भागून ७०, सातानं गुणून ४९० घनहस्त. मुलीला हे उदाहरण द्याच. त्याच श्लोकात पुढे टोकाला निमुळत्या होणाऱ्या खड्ड्याचं घनफळ समखाताच्या, म्हणजे तेवढ्याच तोंडाच्या आणि खोलीच्या सरळ खड्ड्याच्या, तिसऱ्या हिश्श्याइतकं असंही सांगितलं आहे. रस्त्याच्या भरावाची माती मोजताना स्थापत्य अभियंते आजही हाच सहाचा नियम वापरतात. त्यांच्याकडे तो प्रिझ्मॉयडल फॉर्म्युला.

गंमत म्हणजे हा एक नियम दहावीच्या सगळ्या घनाकृतींना लागू पडतो. वृत्तचितीत तिन्ही छेद सारखे, एकूण सहा पट, भागिले सहा. शंकूत टोकाला शून्य, मधला छेद पाव म्हणून चौपट एक, तळ एक. बेरीज दोन, भागिले सहा, एक तृतीयांश. गोलात दोन्ही टोकांना शून्य, मध्ये सर्वांत मोठं वर्तुळ चारदा, भागिले सहा, गुणिले व्यास: बरोबर गोलाचं घनफळ. अर्धगोल तिनं स्वतः करून बघावा. फक्त दोन सावधगिरी. हा नियम चालतो कारण या आकृत्यांमध्ये छेदाचं क्षेत्रफळ उंचीच्या वर्गापर्यंतच्या हिशेबानं बदलतं. वाटेल त्या वेड्यावाकड्या भांड्याला तो लावला तर अंदाज येईल, नेमकं उत्तर नाही. आणि उत्तरपत्रिकेत पुस्तकातलं सूत्रच लिहा. तपासणाऱ्याकडे पायऱ्यांप्रमाणे गुण ठरलेले असतात, त्याला भास्कराचार्य शोधायला लावू नका. हा नियम कच्च्या कामाच्या जागेत पडताळ्यासाठी.

उभा काप लवकर आटोपतो. शंकू टोकातून सरळ खाली कापला की समद्विभुज त्रिकोण दिसतो. त्याचा अर्धा भाग म्हणजे त्रिज्या, उंची आणि तिरकस उंची यांचा काटकोन त्रिकोण. बादली उभी कापली की समलंब चौकोन दिसतो, आणि त्रिज्यांतला फरक ही काटकोन त्रिकोणाची एक बाजू होते. वर घेतलेल्या बादलीत फरक ७, उंची ३०, म्हणून तिरकस उंची ९४९चं वर्गमूळ, सुमारे ३०.८ सेमी. उंची आणि तिरकस उंची यांची अदलाबदल ही या धड्यातली नेहमीची चूक आहे आणि ती फक्त उभा छेद न काढल्यामुळे होते. आकृतीत घनाकृतीचं सुंदर त्रिमितीय चित्र काढण्यात वेळ घालवण्यापेक्षा शेजारी हा साधा त्रिकोण काढावा.

आता साल. वृत्तचितीचं वक्रपृष्ठ उभं कापून पसरलं की आयत: एक बाजू परीघ, दुसरी उंची. शंकूची टोपी कापून पसरली की वर्तुळपाकळी. तिची त्रिज्या म्हणजे शंकूची तिरकस उंची आणि कंस म्हणजे तळाचा परीघ. पाकळीचं क्षेत्रफळ कंस गुणिले त्रिज्या भागिले दोन, त्यातून पाय गुणिले त्रिज्या गुणिले तिरकस उंची आपोआप येतं. बादलीच्या बाजूला वरच्या आणि खालच्या परिघांची सरासरी गुणिले तिरकस उंची. इथे मात्र घनफळासारखी सहाची भानगड नाही, साधी सरासरी चालते, कारण परीघ त्रिज्येच्या वर्गानं नाही, त्रिज्येच्या प्रमाणात बदलतो. मुलं हा फरक लक्षात घेत नाहीत आणि दोन्ही सूत्रांची खिचडी करतात.

गोलाची साल काही सपाट पसरता येत नाही, नकाशे काढणाऱ्यांची सगळी डोकेदुखी तीच. तिथे उलटं जायचं. गोलाच्या पृष्ठाचे बारीक बारीक तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा केंद्राला जोडा. त्रिज्येइतक्या उंचीच्या असंख्य सूची झाल्या. सगळ्यांचं घनफळ मिळून पृष्ठफळ गुणिले त्रिज्या भागिले तीन. घनफळ आपल्याला माहीत आहे, पृष्ठफळ काढा: मोठ्या वर्तुळाच्या चौपट. लीलावतीत याला चेंडूवरच्या जाळ्याची उपमा दिली आहे आणि घनफळ म्हणजे पृष्ठफळ गुणिले व्यास भागिले सहा असंच सांगितलं आहे.

तुमच्या मुलीचे गुण सगळ्यात जास्त कुठे जात असतील असं विचारलं तर मी जोडलेल्या घनाकृतींकडे बोट दाखवीन. घनफळं बेरजेत जातात, पृष्ठफळं जात नाहीत. अर्धगोलावर शंकू बसवलेलं खेळणं घ्या: त्रिज्या ७ सेमी, शंकूची उंची २४ सेमी. उभ्या छेदातून तिरकस उंची २५. घाईत मुलं शंकूचं एकूण पृष्ठफळ ७०४ आणि अर्धगोलाचं एकूण पृष्ठफळ ४६२ मिळवून ११६६ चौसेमी लिहितात. बरोबर उत्तर ८५८: शंकूची बाजू ५५० आणि अर्धगोलाची ३०८. फरक ३०८ आला, म्हणजे नेमकी दोन वर्तुळं, प्रत्येकी १५४. जिथे दोन वस्तू चिकटल्या तिथली दोन्ही वर्तुळं आत गेली, त्यांना रंग लागणार नाही. मी मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवतो: ही वस्तू रंगाच्या डब्यात बुडवली तर कुठे कुठे रंग लागेल? बादलीला झाकण नाही, मग वरचं वर्तुळ कशाला मोजायचं? पण बादली आतून-बाहेरून रंगवायची असेल तर सगळं दुप्पट. तंबू जमिनीवर उभा, त्याला तळाचं कापड नाही. उदाहरणात ‘एकूण’ शब्द दिसला म्हणून एकूण पृष्ठफळाचं सूत्र लावायचं नसतं. वस्तू काय आहे ते बघायचं.

वितळवून नवीन वस्तू करायच्या उदाहरणांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, घनफळ तेवढंच राहतं इतकंच. पण पाय शेवटपर्यंत तसाच ठेवायला सांगा. ६ सेमी त्रिज्येच्या गोळ्याची २ मिलिमीटर त्रिज्येची तार ओढली तर लांबी किती? पाय दोन्ही बाजूंनी जातो, २८८ भागिले ०.०४, म्हणजे ७२०० सेमी, ७२ मीटर. जो आधीच ३.१४ची किंमत घालून गुणाकार करत बसतो तो वेळही घालवतो आणि दशांशचिन्हही. एककं मात्र सुरुवातीलाच एक करून घ्यायची. मिलिमीटर आणि सेंटिमीटर मिसळले की इथे लांबी शंभर पटीनं चुकते, कारण त्रिज्येचा वर्ग होतो.

राहिला प्लॅस्टिकच्या संचाचा प्रश्न. मी घेऊ नका म्हणेन. ते आकार बंद असतात, कापता येत नाहीत, आणि या धड्यात कापणं हेच तर काम आहे. त्यापेक्षा दोन बटाटे, एक जाड गाजर, एक काकडी आणि कपडे धुण्याच्या साबणाची वडी आणा. काकडी सरळ कापली की वर्तुळ, तिरकी कापली की लंबवर्तुळ, उभी कापली की जवळजवळ आयत. बटाट्याचा घन करून एकमेकांपासून सगळ्यात लांबच्या दोन कोपऱ्यांच्या बरोबर मधून, त्यांना जोडणाऱ्या रेषेला काटकोनात कापला तर षट्कोन दिसतो. चौरसांच्या घनातून षट्कोन निघाल्याचं बघून मुलं दोनदा कापून खात्री करतात. एखादी रविवारची दुपार यात जाऊ द्या, आणि कापायच्या आधी प्रत्येक वेळी छेद कसा दिसेल ते तिला कागदावर काढायला लावा. पैसे खर्चच करायचे असतील तर सारखा तळ आणि सारखी उंची असलेली, तोंड उघडी असलेली शंकू-वृत्तचितीची जोडी मिळते, तेवढीच घ्या. ती मिळाली की शंकूत निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरून तिला विचारा, शंकूचा कितवा भाग भरला? ती ‘निम्मा’ म्हणाली तर गाजर पुन्हा काढा. ‘एक अष्टमांश’ म्हणाली तर पुढचं विचारा: मग खरोखर निम्मा शंकू भरायला पाणी किती उंचीपर्यंत हवं? उत्तर उंचीच्या ७९ टक्क्यांहून किंचित जास्त येतं, आणि ते का, हे ती तुम्हाला सांगेल.